वेळेआधी गुंडाळलेल्या मालिका: 'फायरफ्लाय' कुठल्या क्रमाने पाहावी, आणि बाकीच्यांना धड शेवट आहे का?

औदुंबर

मंडळी, अर्ध्यावर बंद पडलेल्या पण बघण्यासारख्या मालिकांची यादी करतोय. आत्तापर्यंत यादीत आहेत: फायरफ्लाय, फ्रीक्स अँड गीक्स, पुशिंग डेझीज, रोम, जेरिको, कार्निव्हाल, साराभाई व्हर्सेस साराभाई आणि मिस्टर योगी. तीन गोष्टी नेमक्या कळायला हव्यात.

एक, फायरफ्लायचे दोन वेगळे क्रम सापडतात. एकात पहिला भाग 'द ट्रेन जॉब' आहे, दुसऱ्यात 'सेरेनिटी'. बरोबर कुठला?

दोन, यातल्या कुठल्या मालिकांना शेवट आहे आणि कुठल्या मधेच तुटतात? तुटणार असेल तर बघणार नाही असं नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

तीन, फायरफ्लायला आठवड्याला सरासरी सुमारे ४७ लाख प्रेक्षक होते असं वाचलं. एवढे लोक बघत असताना मालिका बंद का करतात? हे गणित कुणी उलगडून सांगेल का? मराठी मालिकांचं गणितही तेच असतं का?

---

रानवाट

क्रमाचं आधी सांगतो, कारण ही मालिका चुकीच्या क्रमाने पाहिली तर निम्मी हातची जाते.

'सेरेनिटी' पहिला. हा जवळपास दीड तासाचा भाग आहे. यादी उघडल्यावर एवढंच तपासा: पहिला भाग दीड तासाचा असेल तर क्रम बरोबर. पाऊण तासाचा, आगगाडीवरच्या चोरीचा असेल तर तो २००२ साली फॉक्स वाहिनीने दाखवलेला क्रम आहे, तो सोडा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. २००५ साली आलेल्या चित्रपटाचं नावही 'सेरेनिटी'च आहे. शोधताना तोच वर येतो, आणि लोक पहिला भाग समजून चित्रपट लावतात. तो या कथेचा शेवट आहे. चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे, आणि १४ भाग संपल्यावरच लावायचा.

पूर्ण क्रम असा: सेरेनिटी, द ट्रेन जॉब, बुशव्हॅक्ड, शिंडिग, सेफ, अवर मिसेस रेनॉल्ड्स, जेन्सटाउन, आउट ऑफ गॅस, एरियल, वॉर स्टोरीज, ट्रॅश, द मेसेज, हार्ट ऑफ गोल्ड, ऑब्जेक्ट्स इन स्पेस.

फॉक्सला दीड तासाचा पहिला भाग संथ वाटला. त्यांनी घाईने दुसरा लिहवून घेतला आणि २० सप्टेंबर २००२ ला तो पहिला म्हणून दाखवला. मूळ पहिला भाग २० डिसेंबरला, म्हणजे सगळ्यात शेवटी दाखवला. परिणाम काय झाला बघा. सायमन आणि त्याची बहीण रिव्हर अंतराळयानावर येतात कसे, कुणापासून लपतात, त्या मोठ्या पेटीत काय असतं, केलीला गोळी लागते तेव्हा सायमन कप्तानाशी कसा सौदा करतो, ही सगळी मांडणी पहिल्या भागात आहे. 'द ट्रेन जॉब'पासून बघणाऱ्याला नऊ अनोळखी माणसं एका यानात आधीच राहताना दिसतात आणि कोण कुणाचं काय लागतं तेच कळत नाही. त्यात 'आउट ऑफ गॅस' २५ ऑक्टोबरला दाखवला. हा भाग पूर्णपणे भूतकाळावर उभा आहे: यान विकत कसं घेतलं, एकेक माणूस कसा आला. ज्याला त्या माणसांची वर्तमानातली ओळखच नीट झालेली नाही, त्याला हा भाग भिडणार कसा?

'शिंडिग' आणि 'सेफ' मागे ढकलले आणि 'अवर मिसेस रेनॉल्ड्स' तिसऱ्या आठवड्यात आणला. मधे बेसबॉलच्या सामन्यांमुळे एक शुक्रवार गेला. 'एरियल' १५ नोव्हेंबरला आणि 'वॉर स्टोरीज' थेट ६ डिसेंबरला. हे दोन भाग एकमेकांना चिकटून आहेत, आणि मधे दोन शुक्रवार कोरडे.

ट्रॅश, द मेसेज आणि हार्ट ऑफ गोल्ड हे तीन भाग फॉक्सने दाखवलेच नाहीत. तुमच्या यादीत ११च भाग असतील तर ती अपुरी आहे. 'द मेसेज' क्रमाने बारावा असला तरी चित्रीकरण त्याचं सर्वांत शेवटी झालं, मालिका बंद झाल्याचं कळलेलं असताना. त्यातल्या अंत्यविधीच्या प्रसंगाचं संगीत लक्ष देऊन ऐका. संगीतकाराने ते मालिकेलाच निरोप म्हणून लिहिलं होतं.

---

हिशेबनीस

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ४७ लाख हा आकडा आपल्याला मोठा वाटतो, पण वाहिनी तो तसा वाचत नाही.

अमेरिकेतली मोठी वाहिनी जाहिरातदाराला एकूण डोकी विकत नाही. ती प्रामुख्याने १८ ते ४९ वयाची डोकी विकते, आणि तीही त्या वेळेच्या तुलनेत. त्याच जागी दुसरा कार्यक्रम लावला तर किती मिळतील, हा खरा प्रश्न असतो. फायरफ्लायची वेळ होती शुक्रवार रात्री ८. ज्या वयाचा प्रेक्षक हवा, तोच त्या वेळी घराबाहेर. 

दुसरी बाजू खर्चाची. मालिका बनवतो स्टुडिओ, दाखवते वाहिनी. वाहिनी प्रत्येक भागामागे परवाना शुल्क देते, आणि ते निर्मितीखर्चापेक्षा कमी असतं. म्हणजे सुरुवातीला स्टुडिओ प्रत्येक भागावर तोटा सोसतो. तो भरून निघतो पुढे, जेव्हा जुने भाग गावोगावच्या स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकले जातात. ही केंद्रं रोज एक, आठवड्याला पाच असे भाग लावतात. १०० भाग असतील तर २० आठवडे पुनरावृत्ती न करता निघतात. म्हणून १०० हा आकडा या धंद्यात इतका महत्त्वाचा होता. ८८ लाही काम भागायचं. पहिल्या पर्वात मार खाणारी मालिका तिथवर पोचणार नाही असं दिसलं, की तोटा वाढवत नेण्यात कुणालाच रस उरत नाही.

पहिली मागणी साधारण १३ भागांची असायची. आकडे बरे असले तर आणखी ९ मागवून २२ चं पर्व पुरं करायचे. त्यामुळे बंद पडलेल्या बऱ्याच मालिकांची भागसंख्या १३ च्या आसपास अडकलेली दिसेल. तो कथेचा टप्पा नव्हे, खरेदीचा टप्पा आहे.

मूळ स्टार ट्रेक याच कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी. १९६८ मध्ये चाहत्यांनी पत्रांचा ढीग पाठवला म्हणून एनबीसी वाहिनीने तिसरं पर्व दिलं, पण शुक्रवारी रात्री १० वाजता आणि कमी खर्चात. १९६९ मध्ये बंद. तोवर ७९ भाग झाले होते, आणि तेवढे पुनःप्रक्षेपणाला पुरले. स्टार ट्रेकचं खरं नाव त्या रोजच्या संध्याकाळच्या पुनःप्रक्षेपणातच झालं. तिसरं पर्व दर्जाने उतरतं असलं तरी त्याच्याविना पुढचं काहीच झालं नसतं.

फायरफ्लायच्या बाबतीत हे काम डीव्हीडीने केलं. डिसेंबर २००३ मध्ये संच आला आणि इतका खपला, की युनिव्हर्सल स्टुडिओने चित्रपटाला पैसे दिले.

---

चांदणफुलं

शेवटाबद्दल. कथा फोडत नाही, फक्त तुटते की मिटते तेवढं सांगते.

फ्रीक्स अँड गीक्स (एनबीसी, १९९९-२०००): १८ भाग, आणि शेवट आहे. मालिका जाणार याचा अंदाज आल्यामुळे शेवटचा भाग आधीच लिहून, आधीच चित्रित करून ठेवला होता. बाकीचे भाग नंतर झाले. एनबीसीने १२ भाग दाखवून बंद केली, तीन भाग जुलै २००० मध्ये काढले, आणि उरलेले तीन दुसऱ्याच वाहिनीवर दाखवले गेले. कुठेही १५ किंवा १२ भागांची यादी दिसली तर समजा की शेवट त्यात नाही.

हिच्या बाबतीत आवृत्ती तपासायची असते, कारण गोष्ट १९८०-८१ ची आहे आणि त्या काळची खरी गाणी तिच्यात ठासून भरली आहेत. गाण्यांचे हक्क महाग. मालिकेसाठी घेतलेला हक्क डीव्हीडीला लागू होत नाही, तो नव्याने घ्यावा लागतो. म्हणून डीव्हीडी यायला २००४ उजाडलं, पण गाणी न बदलता आली. तपासायची खूण: पहिल्या भागाच्या शेवटी शाळेच्या नाचाचा प्रसंग आहे. त्यात स्टिक्स बँडचं 'कम सेल अवे' वाजलं पाहिजे. गाणं संथ सुरू होतं, सॅम धीर करून सिंडीपर्यंत पोचतो आणि नेमकं तेव्हाच गाणं वेग धरतं. तो संथ नाचायला गेलेला असतो आणि त्याला भराभर नाचावं लागतं. प्रसंगच त्या गाण्याच्या चालीवर रचलाय. तिथे दुसरं गाणं घातलं तर प्रसंग कोसळतो. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी'च्या पहिल्या डीव्हीडीत असंच गाणी बदलून नुकसान झालं होतं.

पुशिंग डेझीज (एबीसी): २२ भाग. पहिलं पर्व फक्त ९ भागांचं, कारण ५ नोव्हेंबर २००७ ला लेखकांचा संप सुरू झाला. संप फेब्रुवारीत मिटला, पण वाहिनीने उरलेलं पर्व न करता थेट १ ऑक्टोबर २००८ ला मालिका परत आणली. साडेनऊ महिन्यांचा खंड. रंगीबेरंगी, नाजूक, दर आठवड्याला सवय लागावी अशी मालिका. एवढ्या खंडानंतर प्रेक्षक परत जमला नाही. शेवट आहे, पण तो शेवटच्या भागाच्या अखेरच्या काही मिनिटांत निवेदकाच्या तोंडून उरकलाय. त्या भागातला मुख्य धागा तुटत असताना अचानक निवेदन सुरू होतं, तेव्हा गडबडू नका. ते नंतर जोडलेलं आहे.

रोम (एचबीओ आणि बीबीसी, २००५-२००७): २२ भाग, शेवट पूर्ण. पण दुसरं पर्व लिहिताना मधेच कळलं की पुढे मालिका नाही, म्हणून इजिप्तमध्ये घडणाऱ्या पुढच्या पर्वांचा मजकूर त्याच पर्वात कोंबला. पहिल्या पर्वात एका निवडणुकीला, एका मेजवानीला भागच्या भाग मिळतात. दुसऱ्यात दोन भागांमध्ये वर्षं उलटून जातात, मुलं मोठी होतात. वेगातला हा फरक आधी माहीत असू द्या.

जेरिको (सीबीएस): पहिलं पर्व २२ भागांचं, दुसरं ७ चं. दुसऱ्याच्या शेवटच्या भागाचे दोन शेवट चित्रित केले होते: मालिका चालू राहिली तर एक, बंद पडली तर दुसरा. दाखवला गेला तो बंद होणारा. निर्धास्त बघा.

कार्निव्हाल (एचबीओ, २००३-०५): २४ भाग, तुटते. कथा सहा पर्वांची आखली होती, दोन झाली. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीला गोष्ट अर्ध्यावरच थांबते. तरीही बघाच, १९३० च्या दशकातला धुळीने भरलेला तो अमेरिकी मुलूख इतक्या बारकाईने दुसऱ्या कुठल्या मालिकेत उभा राहिलेला नाही.

यादीत दोन वाढवा. माय सो-कॉल्ड लाइफ (एबीसी, १९९४-९५), १९ भाग, प्रेमाच्या गाठीवरच तुटते. आणि डेडवुड (एचबीओ), ३६ भाग, तिसऱ्या पर्वानंतर अधांतरी होती, पण २०१९ मध्ये चित्रपट करून मिटवली.

---

सातरस्ता

आपल्याकडचं.

मिस्टर योगी यादीतून काढा, म्हणजे बघा जरूर, पण ती बंद पाडलेली नाही. दूरदर्शनवर १३ भागांचा तुकडा मंजूर व्हायचा. पुढे चालवायची तर मुदतवाढ मागायची. १९८९ ची मिस्टर योगी १३ भागांचीच आहे आणि पूर्ण आहे. मोहन गोखल्यांचं काम बघायला एवढंही कारण पुरे. दूरदर्शनच्या जुन्या मालिका लहान दिसल्या म्हणून त्या अकाली संपल्या असं समजू नये.

साराभाईचं वेगळं. स्टार वन वाहिनी १ नोव्हेंबर २००४ ला सुरू झाली, मालिका तिच्याबरोबरच आली आणि एप्रिल २००६ मध्ये संपली. सुमारे ७० भाग, आठवड्यातून एकदा. बाजूला रोजच्या कौटुंबिक मालिकांचा जोर, त्यात आठवड्यातून एक भाग, तोही इंग्रजाळलेल्या दक्षिण मुंबईतल्या घराचा. टीआरपी बेताचाच राहिला. नाव झालं ते नंतर, पुनःप्रक्षेपणात आणि इंटरनेटवर. प्रत्येक भाग सुटा आहे, क्रमाची काळजी नको. २०१७ ला हॉटस्टारवर आलेलं 'टेक २' मात्र मूळ संपवूनच लावा.

आता मराठी दैनंदिन मालिका. इथे 'दाखवलेच नाहीत असे भाग' सहसा सापडणार नाहीत, आणि कारण साधं आहे. अमेरिकेत पर्वाचे बरेच भाग आधी तयार असतात. आपल्याकडे आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी साधारण २२ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांचं काम दर आठवड्याला बाहेर काढायचं. बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, असते ती थोड्या दिवसांची. कलाकार आजारी पडला की तीही संपते आणि आज चित्रित केलेलं उद्या जातं. त्यामुळे बंद करायचं ठरलं की हातात असतात काही आठवडे. चार आठवडे म्हणजे २४ भाग. वर्षभराचा कट, दोन लग्नं आणि एक हरवलेलं मूल, सगळं त्यात बसवायचं.

निर्णय येतो बार्कच्या, म्हणजे टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या, आकड्यांवरून. देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर आहेत. वाहिनी आपल्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळते, मीटर ती ओळखतं. घरातला कोण बघतोय हे कळण्यासाठी प्रत्येकाला रिमोटवर वेगळं बटण असतं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा, आणि आकडे पुढच्या गुरुवारी. मराठी वाहिन्यांसाठी 'महाराष्ट्र-गोवा' ही बाजारपेठ धरतात. म्हणून अमेरिकेत किंवा दुबईत बसून मराठी मालिका बघणारा माणूस या आकड्यात नसतोच. बडोदा-इंदूरचा मराठी प्रेक्षकही या बाजारपेठेत मोजला जात नाही.

मालिका जाणार हे ओळखायच्या खुणा: रात्री ८ किंवा साडेआठची मालिका एकदम संध्याकाळी साडेसहाला किंवा रात्री ११ ला जाते. तिच्या जागी येणाऱ्या नव्या मालिकेच्या प्रोमोत तारीख-वेळ झळकते, पण जुनीचं काय ते कुणी बोलत नाही. मग खलनायिकेचं मन आठवडाभरात पालटायला लागतं.

'दिल दोस्ती दुनियादारी' (झी मराठी, २०१५-१६) आवडलेल्यांसाठी एक सूचना: २०१७ ची 'दिल दोस्ती दोबारा' हे तिचं दुसरं पर्व नव्हे. कलाकार तेच, पण पात्रं आणि गोष्ट वेगळी. पहिलीतल्या माणसांचं पुढे काय झालं ते शोधायला तिथे जाऊ नका.

---

औदुंबर

खूप आभार सगळ्यांचे. यादी दुरुस्त केली. एक शंका राहिली: चाहत्यांनी मोहीम काढून मालिका वाचवता येते का? जेरिकोच्या शेंगदाण्यांबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं.

---

हिशेबनीस

येते, पण नुसता आवाज पुरत नाही. हक्क कुणाकडे आहेत त्यावर ठरतं.

जेरिकोच्या पहिल्या पर्वाच्या शेवटी शरण येण्याची मागणी होते आणि नायक 'नट्स' एवढंच म्हणतो. १९४४ च्या डिसेंबरात बॅस्टोनच्या वेढ्यात अमेरिकी सेनापतीने जर्मनांना पाठवलेलं हे उत्तर. मे २००७ मध्ये मालिका बंद झाल्यावर चाहत्यांनी सीबीएसच्या कचेरीत २० टनांहून जास्त शेंगदाणे पाठवले. वाहिनीने ७ भाग दिले, पण सोबत सांगितलं की प्रक्षेपणाच्या वेळी बघणारे वाढले पाहिजेत. ते वाढले नाहीत. शेंगदाणे पाठवणारे आधीपासूनच बघत होते. मीटर असलेल्या नव्या घरांत मालिका गेली नाही.

'द एक्स्पान्स' या मालिकेचं जमलं, कारण ती बनवणारी कंपनी वेगळी होती आणि सायफाय वाहिनीकडे फक्त अमेरिकेतल्या पहिल्या टीव्ही प्रक्षेपणाचे हक्क होते. एवढ्या तोकड्या हक्कांत वाहिनीला ती परवडेना, पण त्याचमुळे मालिका दुसरीकडे न्यायला अडसरही राहिला नाही. मे २०१८ च्या ११ तारखेला बंद झाल्याची बातमी आली, महिना संपायच्या आत ॲमेझॉनने घेतली. चाहत्यांनी ॲमेझॉनच्या मुख्यालयावरून विमानाने फलक फिरवला तो याच दिवसांत. पुढे तीन पर्वं झाली, एकूण ६२ भाग.

म्हणून मोहीम काढायची तर आधी श्रेयनामावलीत शेवटी कुणाची नावं येतात ते बघा. निर्मितीसंस्था आणि वाहिनी एकाच घरची असेल तर ती मालिका सहसा दुसऱ्याला मिळत नाही. निर्मितीसंस्था स्वतंत्र असेल तर पत्र बंद करणाऱ्या वाहिनीला लिहू नका. जी वाहिनी किंवा ओटीटी ती विकत घेऊ शकते तिला लिहा.

---

रानवाट

फायरफ्लाय सुरू करताना अजून दोन गोष्टी. 'एरियल' आणि 'वॉर स्टोरीज' एकाच बैठकीत बघा. पहिल्याच्या शेवटी यानाच्या दारात कप्तान आणि जेन यांच्यात जे घडतं, ते मनात ताजं असताना दुसऱ्यात जेन काय करतो ते बघायचं असतं. आणि 'ट्रॅश'च्या आधी 'अवर मिसेस रेनॉल्ड्स' होऊन गेलाय याची खात्री करा, नाहीतर त्यात परत येणारी बाई कोण आणि कप्तान तिला बघून एवढा सावध का होतो, ते कळणार नाही.